नऊ मासे आणि एक अ‍ॅक्टिंग हेडक्लार्क

मिलमध्ये कापसाचं तूस कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. ते आपोआप उडतं, आपोआप कोपऱ्यात जाऊन बसतं, आणि शनिवारी झाडू मारला की टोपलीभर निघतं. आमच्या ऑफिसातल्या किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी काही करत नाही. (मी दोन-तीनदा केलं, ते पुढे येईल.) त्यातल्या त्यात दत्तोपंतांच्या माशांचे किस्से टोपलीत मावेनासे झालेत, म्हणून इथे ओततो.

आधी माणसं सांगतो. दत्तोपंत म्हणजे आमच्या मिलच्या विव्हिंग खात्याचे हेडक्लार्क. म्हणजे अ‍ॅक्टिंग हेडक्लार्क. अकरा वर्षं अ‍ॅक्टिंग! आधीचे हेडक्लार्क काशीला जाऊन येतो म्हणाले ते आलेच नाहीत, तेव्हा दत्तोपंतांना त्यांच्या खुर्चीत तात्पुरतं बसवलं. त्या वेळी दत्तोपंतांच्या डोक्यावर केस होते. टेबल तेच, काम तेच, बोलणी तीच; सहीखाली मात्र 'अ‍ॅक्टिंग'. गल्लीतल्या सत्यनारायणाच्या आमंत्रणावरसुद्धा कुणीतरी त्यांच्या नावामागे 'अ‍ॅक्टिंग' लिहायचं. (तो मी नव्हे. एकदाच मी.)

तर आमचा विव्हिंग मास्तर साहेब सहा महिन्यांच्या रजेवर विलायतेला निघाला. त्याच्या बंगल्यात काचेची एक मोठी टाकी होती आणि तिच्यात नऊ मासे. कारवारकडच्या खाडीतून घागरीत घालून, रेल्वेने आणवलेले. त्याने दत्तोपंतांना बोलावलं.

"बटलर सांभाळतो म्हणतोय," साहेब म्हणाला, "पण काल तो टाकीसमोर बसून मसाला वाटत होता. तुम्ही मासे खात नाही ना?"

"छे छे, सर!"

"मग तुम्हीच न्या. परत आलो की मला नऊच्या नऊ एका टाकीत जिवंत दिसले पाहिजेत. दिसले, तर तुमचं ते अ‍ॅक्टिंग मी माझ्या हाताने खोडतो."

दत्तोपंत ऑफिसात येऊन खुर्चीत बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी टाक दौतीऐवजी चहात बुडवला.

*

टाकी हातगाडीवरून आली. वर चादर पांघरलेली. ऐन मार्च, आणि आमचं सोलापूरचं ऊन! मी, म्हणजे पंतांच्या हाताखालचा कारकून वसंता, आणि टाइमकीपर मल्लप्पा दोन्ही बाजूंनी गाडी धरून. मल्लप्पा मैंदर्गीचा, अर्धा कानडी, अर्धा मराठी, आणि दोन्हींत गंभीर.

गल्लीत एवढ्या माणसांनी चादर बघून टोप्या काढल्या, की शेवटी मी पण काढली.

पुढच्या खोलीत टाकी मांडली. काकू, म्हणजे दत्तोपंतांची बायको, कमरेवर हात ठेवून बघत होत्या. चार मासे पंजाएवढे, राखी-हिरव्या अंगावर मोत्यासारखे ठिपके. पाच बारके, पिवळेधमक, कुशीवर एक काळा टिळा. सोडल्या सोडल्या सगळ्यात मोठ्याने दुसऱ्याच्या शेपटीचा लचका तोडला.

"हे काय हो?" काकू म्हणाल्या.

"साहेब म्हणाले यांना सिक्लिड म्हणतात," दत्तोपंत कौतुकाने म्हणाले. "मोठे काय, बारके काय, सगळे एकाच कुटुंबातले आहेत."

"एकाच कुटुंबातले?" काकू आत जायला वळल्या. "मग भांडणारच!"

*

दोन दिवसांत गल्लीभर झालं की दत्तोपंत बाटले. माणूस घरात मासे ठेवतो तो कशाला ठेवतो? समोरच्या गंगूबाई तर तोंडावरच म्हणाल्या, "कुणी काही म्हणो, वहिनी, मी आपली विचारते. कसे लागतात?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "आत या. मोजा. नऊ आहेत. उद्या परत या, परत मोजा. एक कमी दिसला तर गावभर सांगा."

गंगूबाई रोज येऊन मोजू लागल्या. मग त्यांच्या जावा येऊ लागल्या. मल्लप्पाला हे काही पटलं नाही. मोजणी म्हणजे त्याचं खातं! त्याने मिलच्या मस्टरसारखी एक वही आखली, नऊ जणांना नंबर दिले, आणि सकाळी मिलचा भोंगा व्हायच्या आत माशांची हजेरी घ्यायला लागला. सगळ्यात मोठा मासा एक नंबर. तो दिवसभर बाकीच्यांच्या मागे लागायचा, म्हणून त्याचं नाव पडलं जॉबर. मिलमध्ये माणसांच्या अंगावर ओरडणाऱ्या मुकादमाला आम्ही जॉबरच म्हणतो.

पिवळे बारके मासे मधूनच मोठ्यांच्या अंगाला लागून काहीबाही टिपायचे, अंग साफ करायचे. मोठे डोळे मिटल्यासारखे स्वस्थ. मल्लप्पा हे बराच वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, "वसंता, हितंबी हेडाफिस हाय की रे."

एकदा सकाळी त्याने ऑफिसात येऊन सांगितलं, "पंत, सात नंबर गैरहजर."

दत्तोपंत पगडी न घालता धावले. ऐन कामाच्या वेळेत! अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परत आले. "आहे. दगडामागे होता."

मल्लप्पाने वही उघडली. "मग काय करू पंत? अर्धी रजा लावू?"

*

जॉबरची मारामारी काही थांबेना. त्यातही एक जागा ठरलेली. टाकीच्या उजव्या काचेशी जाऊन तो काचेलाच धडका द्यायचा आणि मग चिडून जो समोर येईल त्याला फोडून काढायचा. पाच नंबरचा पर फाटला. दत्तोपंतांची झोप उडाली.

"पंत, ऑफिसात कुणी मारामारी केली तर आपण काय करतो?" मी विचारलं.

"नोटीस देतो."

"मग?"

मी चेष्टा करत होतो, हे खरं. पण दत्तोपंत अकरा वर्षं हेडक्लार्क होते. त्यांनी माझ्याकडून कोऱ्या फुलस्केपवर इंग्रजीत नोटीस लिहून घेतली. नंबर एक यांस, वर्तणूक असमाधानकारक, सुधारणा न झाल्यास योग्य ती कारवाई. खाली सही केली. सहीखाली 'अ‍ॅक्टिंग' लिहिलं. मग भाताच्या शिताने ती उजव्या काचेला बाहेरून डकवली, अक्षरं आतल्या बाजूला.

दुसऱ्या दिवसापासून मारामारी बंद!

मी दोन दिवस चक्रावलो होतो. मग नोटिशीचा कोपरा उचलून बघितला. जॉबर तिथे येऊन लगेच फुगला. त्या काचेत त्याला स्वतःचंच तोंड दिसत होतं. तो इतके दिवस त्याच्याशी भांडत होता. कागद लावल्यावर दुष्मन गेला.

मी हे पंतांना सांगणार होतो. पण ते खुर्चीत मागे रेलून मल्लप्पाला सांगत होते, "मराठीत लिहिली असती ना, तर नसता ऐकला."

*

खाण्याचं खातं काकूंकडे. साहेबाने गांडुळं सांगितली होती. काकूंनी गांडुळांचा डबा मला डब्यासकट परत दिला. मासे ज्वारीच्या भाकरीच्या चुऱ्यावर आणि पालकावर आले. मोठे तर पालक असा ओढायचे की जणू मंगळवेढ्याच्या रानात चरायला सोडलेत.

एकादशीला मल्लप्पा हजेरीला गेला तर टाकीत साबुदाणा तरंगत होता.

"काकू," मल्लप्पा म्हणाला, "सायबाचे मासे हायत. किरिस्ताव असतील की."

काकू वरीचे तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रजा संपेपर्यंत नाहीत."

*

एप्रिलात नळाचं पाणी दिवसाआड झालं. नळाला येतं ते हिप्परग्याच्या तळ्याचं, गोड. गल्लीतल्या आडाचं पाणी मचूळ, त्यात डाळ तीन तास उकळली तरी दाणा दाणा वेगळा. दत्तोपंतांनी हुकूम काढला: गोडं पाणी माशांना, आडाचं आपल्याला. स्वतः तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकून ऑफिसात यायचे. घरात आठ दिवस वरणाऐवजी डाळीचे खडे.

आणि एवढं करून मासे मरगळले! अंगावर पांढरी बुरशी, पर मिटलेले, जॉबर कोपऱ्यात तोंड घालून. दत्तोपंत पहाटे उठून आणखी गोडं पाणी घालायचे. मासे आणखी मलूल.

एका सोमवारी मी गेलो तर काकू नळाची घागर चुलीकडे नेत होत्या आणि आडाची घागर टाकीत ओतत होत्या. मला बघून त्या थांबल्या.

"वसंता, तू काही बघितलंस का?"

"नाही काकू."

"जेवून जा."

चार दिवसांत मासे टवटवीत. बुरशी गेली, पिवळे हळदीसारखे झाले, जॉबरने तीन नंबरला चावा घेतला. खाडीतले मासे ते, त्यांना मचूळच पाणी मानवत असणार. पण हे तेव्हा कुणाला माहीत! दत्तोपंत टाकीसमोर बसून जेवताना म्हणाले, "बघितलंस? गोड्या पाण्याचा गुण! शेवटी निष्ठा लागते." मग वरणाचा भुरका मारून थबकले. "आणि आज डाळ कशी लोण्यासारखी शिजली आहे गं!"

"निष्ठा," काकू म्हणाल्या.

*

ऑगस्टात जॉबर दोन नंबरच्या हात धुऊन मागे लागला. दिवसभर पाठलाग. दत्तोपंतांना वाटलं, आता हा जातो. मध्ये आडोसा घालायचा ठरलं. पण असा, की पाणी जाईल आणि मासा जाणार नाही.

शेजारी नरसय्या राहतो. हातमागावर खण विणतो. घरात तेलुगू, दारात मराठी. त्याने उपाय काढला. मागावर धागे ज्यातून ओवतात ती फणी, लांबच्या लांब कंगव्यासारखी. त्याने बोरूच्या काड्यांच्या तीन जुन्या फण्या आणल्या, एकावर एक बांधल्या आणि टाकीत आडव्या उभ्या केल्या. जॉबर अलीकडे, दोन नंबर पलीकडे.

"पंत, ह्यातनं दोरा जातो फकस्त," नरसय्या म्हणाला. "मासा काय जातो!"

मासा गेला नाही. पण जॉबरने खाणं सोडलं. फणीला नाक लावून दिवसभर पलीकडे बघत उभा. पलीकडे दोन नंबरही फणीला नाक लावून. तीन दिवस भाकरीचा चुरा तसाच कुजला.

चौथ्या दिवशी काकूंनी पदर खोचला आणि टाकीत हात घातला. "काढा ते! नवरा-बायकोच्या मध्ये फणी घालणारे तुम्ही कोण?"

"नवरा-बायको?" दत्तोपंत म्हणाले. "अगं, तो मारत होता तिला."

"आणि ती त्याला मारत नव्हती होय? मी रोज बघत होते. तुम्ही एकाच बाजूने मोजता."

फण्या काढल्या. नरसय्याने त्या धुऊन, वाळवून घरी नेल्या. आठवड्यात दगडावर अंडी!

*

अंड्यांतून पिल्लं निघाली. तीनशे तरी असतील. मल्लप्पाने दोन वेळा मोजायचा प्रयत्न केला, मग वहीत सरळ लिहिलं, 'बदली, बरेच.' मिलच्या दारात रोज सकाळी आत घेतील या आशेवर उभे असतात ना, ते बदली कामगार, तसे.

पण आता संकट खरं. आई-बाप पिल्लांपाशी कुणाला फिरकू देईनात. बाकीच्या सात जणांना त्यांनी एका कोपऱ्यात दाबून धरलं. सहा नंबरच्या पोटाला जखम झाली, आठ नंबर आडवा पोहायला लागला. आणि साहेबाची आगगाडी पुढच्या सोमवारी!

दत्तोपंतांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी बारीक. "वसंता, एक जरी गेला ना, तर मी असाच रिटायर होईन रे. पाटीवरसुद्धा अ‍ॅक्टिंगच राहील." तेव्हा मला काही विनोदी सुचलं नाही. असं क्वचित होतं.

आम्ही नरसय्याकडे धावलो. "फण्या दे!"

"दोन घ्या," नरसय्या म्हणाला. "तिसरी मागावर हाय."

खरंच होती. उभ्या धाग्यांचा पूर्ण ताणा तिच्यातून ओवलेला, सहा हात खण विणायचा बाकी. फणी काढायची म्हणजे ताणा कापायचा.

"कापू काय पंत? तुमी सांगा."

दत्तोपंतांनी कात्रीकडे पाहिलं. मग ताण्याकडे. हेडक्लार्क असले तरी विव्हिंग खात्याचे! "नको," ते म्हणाले. "वीण."

मग काय विचारता! मल्लप्पा चरख्यावर सुताच्या कांड्या भरतोय, मी कांड्या पुरवतोय, दत्तोपंत दर पाच मिनिटांनी घरी जाऊन मासे मोजून येतायत. "नऊ!" म्हणत आत यायचे, "किती राहिलं?" विचारून बाहेर पळायचे. नरसय्या धोटा इकडून तिकडे फेकून घामाने भिजला. "पंत, तुमी 'नऊ' म्हणला की माझा धोटा चुकतो की वो!"

रविवारी दुपारी खण उतरला. फणी घेऊन आम्ही धावत घरी गेलो.

टाकीत शांतता. नऊ मासे आरामात फिरतायत. पिल्लू एक नाही. जॉबर एका कोपऱ्यात, दोन नंबर दुसऱ्या, आणि मधले सातजण पोटं फुगवून. एकमेकांकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. नऊचे तीनशे झाले होते, तीनशेचे पुन्हा नऊ.

मल्लप्पाने वहीत 'बदली' पुढे लिहिलं, 'आत घेतले.'

*

सोमवारी दत्तोपंतांनी कोटाला इस्त्री केली. काकूंनी टाकीची काच राखेने घासली. टेबलावर दौत, नवा टाक, आणि पत्राच्या दोन प्रती तयार: दत्तोपंतांना हेडक्लार्क म्हणून कायम करण्यात येत आहे. साहेबाने फक्त सही करायची. सहा नंबरची जखम भरत आली होती. आठ नंबर सरळ पोहत होता.

मल्लप्पा स्टेशनावरून धापा टाकत आला. "पंत, सायेब आला!"

"आला?"

"आला. पन आपला न्हाय की!"

आमच्या साहेबाला तिकडेच नोकरी लागली होती. त्याच्या जागी दुसरा आला होता. जेमतेम पंचविशीचा, काडीसारखा, उन्हाने नाकाची सालपटं निघालेला. पण जुन्या साहेबाने त्याच्याजवळ चिठ्ठी दिली होती, आणि मासे बघायला तो संध्याकाळी घरी येणार होता. दत्तोपंतांच्या जिवात जीव आला. चिठ्ठी म्हणजे कागद. कागदावर त्यांचा विश्वास.

साहेब आला. एकुलत्या एका खुर्चीवर बसला. दरवाज्यात मी, मल्लप्पा, नरसय्या. खिडकीत गंगूबाई आणि त्यांच्या जावा. साहेबाने बोटाने मासे मोजले. पुन्हा मोजले. खिशातली चिठ्ठी काढून वाचली.

"नऊ," तो म्हणाला.

"येस सर," दत्तोपंत म्हणाले आणि टाक पुढे केला.

साहेबाने टाक घेतला. पत्र वाचलं. दोन्ही प्रती वाचल्या. मग टाक हळूच खाली ठेवला.

"मिस्टर दत्तोपंत, चिठ्ठीत सगळं लिहिलंय. पण मी खोडू शकत नाही."

"का, सर?"

साहेबाने मांडीवरची टोपी एकदा फिरवली. "मी पण अ‍ॅक्टिंगच आहे."

टाकीत जॉबरने कुणाला तरी धडक दिली.

आतून काकूंनी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"अ‍ॅक्टिंग आहे म्हणतोय," दत्तोपंत म्हणाले.

"ते काय मला ठाऊक नाही? अकरा वर्षं ऐकतेय."

"मी नव्हे गं. तो."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"अगंबाई! मग त्याला खुर्चीवर कशाला बसवलंय परक्यासारखं? पाट मांडा. जेवूनच जाऊ दे."

पाट मांडला. साहेबाने बूट काढले आणि टाकीसमोर बसला. गुडघे कानांपर्यंत आले. दत्तोपंत शेजारच्या पाटावर बसले.

"किती वर्षं झाली म्हणालात?" साहेबाने विचारलं.

"अकरा, सर."

साहेबाने माशांकडे बघितलं. "सुरुवातीला काय करायचं असतं?"

दत्तोपंतांनी भाकरीचा चुरा त्याच्या तळहातावर ठेवला.

"चिमूटभर, सर. एकदम सगळं टाकायचं नाही."